नव्या तलंगा जुन्या कोंबड्यांत सोडल्या की दरवेळी रक्त का निघतं?

सकाळी खुराड्याची फळी सरकवली. जुन्या कोंबड्या धडपडत बाहेर पडल्या, कोंबडा मागून रुबाबात उतरला, आणि नव्या पाहुणीचा पत्ताच नाही. वाकून आत पाहिलं तर ती मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी. डोक्याच्या मागची पिसं गेलेली, शेपटीच्या बुडाशी रक्त सुकलेलं. ओरडतसुद्धा नव्हती.

ती नणंदेनं दिलेली एकुलती एक तलंग होती, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. पुढच्या वर्षी गाडीवर पिल्लं विकायला येतात त्यांच्याकडून वनराज जातीची सहा घेतली, पडवीत दोन महिने वाढवली आणि एका संध्याकाळी खुराड्यात सोडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आठवडी बाजारातून पाच तलंगा आणल्या. कोणीतरी सांगितलं होतं की रात्री अंधारात दांडीवर ठेवून द्यायच्या, सकाळी जुन्यांना कळतसुद्धा नाही. तसं केलं. टोचाटोची थोडीच झाली, मी खूश. दहाव्या दिवशी दोन तलंगा पिसं फुलवून बसल्या, आणि या वेळी रक्त पाठीवर नव्हतं, विष्ठेत होतं.

चौथ्या वेळी जमलं. मधल्या काळात मी काय चुकत होते ते नीट लिहून काढलं, कारण हाच प्रश्न दर पावसाळ्यानंतर आजूबाजूच्या चार घरांत निघतो आणि प्रत्येकजण "आमच्या कोंबड्याच दुष्ट आहेत" म्हणून सोडून देतो. कोंबड्या दुष्ट नसतात. आमचं खुराडं तसं होतं.

आधी रक्त कुठलं आहे ते बघा

तुऱ्याच्या पुढच्या बाजूला बारीक ओरखडा असेल तर ती समोरासमोर उभी राहिली होती असं समजायचं. तुरा नाजूक असतो, जरासं लागलं तरी भसाभसा रक्त येतं आणि बघणाऱ्याचाच जीव घाबरा होतो. ही जखम बहुतेक वेळा दोन दिवसांत सुकते.

डोक्याची मागची बाजू सोललेली, मानेवरची पिसं उपटलेली, शेपटीच्या बुडाशी जखम, असं असेल तर ती पळत होती आणि पळायला वाट मिळाली नाही. ही जखम भांडणाची नव्हे, कोंडल्याची आहे. यावर कोंबड्यांना शिक्षा करून काही होत नाही, जागा बदलावी लागते. गुदाजवळ टोचलेलं असेल तर लगेच बाजूला काढा. तिथं एकदा चोच लागली की बाकीच्या थांबत नाहीत, लाल दिसलं की टोचत राहतात, आणि बघता बघता कोंबडी जाते.

विष्ठेत रक्त किंवा तांबूस-तपकिरी पातळ हगवण असेल तर तो टोचण्याचा प्रश्नच नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, आणि ते आधी वाचलंत तरी चालेल.

एक गंमत राहिली. पाठीच्या मध्यावरची पिसं गेली आहेत, कातडी दिसते, पण जखम नाही, असं असेल तर इतर कोंबड्यांवर संशय घेऊ नका. ते कोंबड्याच्या पायांचं काम आहे. त्याच्या आवडत्या दोघी-तिघींच्या पाठी अशाच उघड्या असतात.

भांडण होणारच

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 च्या सुमारास कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी मांडल्या. कळपात पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून सगळ्यांना, आणि शेवटची कोणालाच नाही. शास्त्रात याला मोठी नावं आहेत, पण आपल्याकडचा उतरंड हा शब्द इथं चपखल बसतो. मडक्यांची रचलेली उतरंड डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यात मधेच एक नवं मडकं घुसवायचं आहे असं समजा. सगळीच हलणार.

त्यातही उतरंड एकदा ठरली की भांडणं जवळजवळ थांबतात. नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते. म्हणजे टोचाटोची ही उतरंड ठरवायची रीत आहे, आणि ती थांबवायला तुम्ही काठी घेऊन उभ्या राहिलात तर ठरायचं ते लांबतं इतकंच. मी पहिल्या वर्षी अक्षरशः दिवसभर झाडू घेऊन परसात बसले होते. मी जेवायला गेले आणि पंधरा मिनिटांत व्हायचं ते झालं.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात ते मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्याच्या आकारावरून, रंगावरून. ही ओळख फार टिकत नाही. दोन-तीन आठवडे एखादी नजरेआड राहिली की ती परकी होते. त्यामुळे रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, दूरच्या खोलीत बसवलेली कोंबडी एकवीस दिवसांनी परत आली की तिलाही चार टोचे खावे लागतात. घरचीच असून. नव्या तलंगेचं तर बोलायलाच नको. तिचा तुरा लहान, फिका. बघताक्षणीच कळतं की हिला टोचलं तर ही उलटून येणार नाही.

माझ्या वहीतल्या तिन्ही वर्षांच्या नोंदींत एक गोष्ट सारखी निघाली. उघड्या परसात झालेल्या भांडणात एकही गंभीर जखम नव्हती. जे झालं ते खुराड्याचा कोपरा, पाण्याच्या टाकीमागची अरुंद बोळ आणि पायरीखालची पोकळी या तीन ठिकाणी. हरलेली कोंबडी पळते. पळाली की जिंकलेलीचं समाधान होतं, ती चार पावलं मागे जाते आणि चरायला लागते. पण हरलेली पळू शकली नाही, तर जिंकलेलीला वाटतं ही अजून हटत नाही, आणि ती टोचतच राहते. कोपऱ्यात डोकं घालून उभी राहिलेली तलंग आपल्याला शरण आलेली दिसते. दुसऱ्या कोंबडीला ती अजून समोर उभी असलेलीच दिसते.

म्हणून माझा सगळा भर आता एकाच गोष्टीवर आहे: कोपरे मोडा.

कोपरे कसे मोडले

खुराडं पाडून नवं बांधायला पैसे नव्हते. आमचं खुराडं विटा आणि पत्र्याचं, आठ फूट बाय पाच, दार एकच. पहिलं काम म्हणजे मागच्या बाजूच्या चार विटा काढून दुसरं दार केलं, फूटभर रुंदीचं, सरकत्या फळीचं. सकाळी दोन्ही फळ्या उघडतात. आत कोणी कोणाच्या मागे लागलं तर दुसरीकडून बाहेर पडता येतं. या एका बदलानं निम्मा प्रश्न सुटला असं मी छातीठोकपणे सांगेन.

आतल्या दोन कोपऱ्यांत तिरप्या फळ्या ठोकल्या, म्हणजे काटकोन राहिला नाही. टाकीमागची बोळ जुन्या कौलांनी भरून टाकली. पायरीखाली दगड लावले.

परसात उलटं करायचं. तिथं आडोसे वाढवायचे, पण दोन्ही बाजूंनी उघडे. माडाच्या वाळक्या झावळ्या भिंतीला टेकवून तिरप्या उभ्या केल्या, की मागून बोगद्यासारखी वाट तयार होते: एका टोकानं शिरायचं, दुसऱ्यानं निघायचं. पाठलाग करणारीची नजर तुटली की तिचा रागही तुटतो. एक मोडकी खाट आडवी पाडून ठेवली, शेवग्याच्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग घातला. सासरे म्हणाले परसाचा उकिरडा केलास. खरं आहे, केला. महिन्याभरानं उचलला.

दाण्याचं भांडं एकच असेल तर वरच्या नंबरची कोंबडी त्यावर पहारा देते. पहिल्या वर्षी मला वाटायचं नवीला भूक नाही. तिला भूक होती, हिंमत नव्हती. आता भांडी तीन, आणि एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसता कामा नये अशी ठेवलेली: एक पेरूखाली, एक झावळ्यांमागे, एक पडवीच्या कडेला. पाण्याचंही तसंच, दोन ठिकाणी. रोज संध्याकाळी नव्या तलंगांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघायची. झोपायच्या वेळी ती भरलेली, टणकसर गोळ्यासारखी लागली पाहिजे. सपाट लागली तर दिवसभर तिला खाऊ दिलेलं नाही, मग बाहेरून कितीही शांत दिसो. ही तपासणी मला फार उशिरा कळली.

डालग्याचा उपाय

तिसऱ्या वर्षीच्या फजितीनंतर सासूबाई म्हणाल्या, "अगो, डालग्याखाली ठेवायच्या होत्यास आठ दिवस. आमच्याकडे नवीन कोंबडी आली की डालग्याखालीच."

"आई, मग आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कधी? तू मोबाईलला विचारत होतीस."

बांबूचं उघड्या विणीचं डालगं परसात पालथं घालायचं, आत नवीन कोंबडी, वर दगड. जुन्या कोंबड्या भोवती येतात, विणीतून बघतात, एखादी चोच मारते, आतलीला लागत नाही. दिसतं सगळं, हाताला मात्र काही लागत नाही. दोन-तीन दिवस डालग्याभोवती गर्दी असते, पाचव्या-सहाव्या दिवशी जुन्या ढुंकूनही पाहत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या जाळीच्या पार्टिशनचं काम डालग्यानं पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. पायाला दोरी बांधून खुंटीला बांधायचीही रीत होती, पण ती मला पटत नाही. ती घराची ओळख व्हावी म्हणून असते, आणि बांधलेली कोंबडी पळू शकत नाही. म्हणजे पुन्हा कोपराच.

चार-पाच तलंगा असतील तर डालगं पुरत नाही. आम्ही परसाच्या एका बाजूला कोंबडीजाळी लावून सहा फूट बाय चारची जागा केली, वर पत्र्याचा तुकडा, आणि त्यात त्या दोन आठवडे राहिल्या. रात्रीसुद्धा तिथंच, एका खोक्यात. मुंगूस आणि रानमांजर यांचा विचार करून जाळी खाली वीतभर जमिनीत गाडा. एका घरी हे केलं नव्हतं, आणि त्यांचा मिसळायचा प्रश्न एका रात्रीत कायमचा मिटला.

दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर ठेवायची. शेजारी शेजारी जेवायची सवय झाली की अर्धं काम होतं. पहिले दोन दिवस हातभर अंतर ठेवा, मग जवळ आणा.

जाळी काढायची ती संध्याकाळी, झोपायच्या तासभर आधी. तेव्हा जुन्यांची पोटं भरलेली असतात, भांडायला वेळ थोडा असतो आणि नंतर अंधार आपलं काम करतो. मूठभर कणी लांबवर विखरून टाकायची, एका जागी नाही. चार-पाच दिवस असा तासभर, मग अर्धा दिवस. सरसकट सकाळी सोडून कामाला जाऊ नका.

आणि मग शेवटी तो रात्रीचा उपाय. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, म्हणून रात्री उचलून दांडीवर ठेवली तर कोणी हलत नाही. पण उजाडल्यावर तिला दिसतं. रात्र ही ओळख नाही, ती नुसती तहकुबी आहे. ओळख आधी झालेली असेल तरच हा उपाय चालतो, आणि पहिले आठ दिवस तुम्हाला पहाटे उजाडायच्या आत उठून दोन्ही फळ्या उघडाव्या लागतात. बंद खुराड्यातला तो पहाटेचा अर्धा तास सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्या दोन्ही वेळच्या बहुतेक जखमा त्याच अर्ध्या तासातल्या.

दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा हवी. कमी पडत असेल तर आधी दांडी वाढवा, मग कोंबड्या. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर असतील तर बरं, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी वेगळं महाभारत होतं.

वजनानं फसू नका

साधारण सल्ला असा की नवी जुन्यांच्या आकाराची झाल्याशिवाय मिसळू नये. बरोबर आहे. पण मी दुसऱ्या वर्षी वजन करून पाहिलं, वनराजची आठ-नऊ आठवड्यांची पिल्लं माझ्या सडपातळ गावरान कोंबड्यांच्या जवळपास दिसत होती, म्हणून सोडली. वनराज, गिरिराज या जाती अंगानं भरभर वाढतात. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं तयार केली, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं, आणि दोन्ही परसातल्या कोंबडीपालनासाठीच आहेत. पण अंग वाढलं म्हणून अक्कल वाढत नाही. ती पडवीत एकत्र वाढलेली पोरं, त्यांना कोणी कधी डोळे वटारलेच नव्हते. गावरान कोंबडी मान फुलवून समोर आली तर ती भाबडी जवळ जाऊन बघत उभी राहिली.

आता मी बारा आठवड्यांच्या आत मिसळत नाही, चौदा-पंधरा झाले तर अजून बरं. फार उशीरही करू नका. नवी अंड्यावर यायच्या आत तिला खुराड्याची, घालायच्या खोक्याची ओळख झालेली बरी, नाहीतर ती अंडी झावळ्यांखाली घालते आणि तुमच्या आधी घोरपडीला सापडतात.

एकटी कधीच आणू नका. एकटी आली की सगळ्या जुन्यांचा राग एकीवर. निदान तिघी, एकत्र वाढलेल्या. नणंदेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एक दिली ते चुकलं, तीन द्यायला हव्या होत्या." त्यानंतर तिनं काही दिलेलं नाही.

घरच्याच कोंबडीनं रवणातून काढलेली पिल्लं असतील तर हा सगळा खटाटोप लागत नाही. आई पंख पसरून कोंबड्यावरही धावून जाते, आणि पिल्लं तिच्या आडून सगळ्यांना ओळखतात. अडचण एकदाच येते, आई दीड-दोन महिन्यांनी पिल्लांना टोचून लांब करते तेव्हा. त्या आठवड्यात त्यांच्यासाठी वेगळं भांडं ठेवा, आणि बांबूच्या दोन काठ्यांमध्ये चार बोटं फट असलेला आडोसा करा. पिल्लं आत शिरतात, मोठ्या शिरू शकत नाहीत.

इतकं करूनही एकच कोंबडी छळत असेल तर

बहुतेक वेळा ती पहिल्या नंबरची नसतेच. पहिलीला काही सिद्ध करायचं नसतं. आमची त्रास देणारी होती शेवटून दुसरी, नवीन आल्या म्हणून आपली बढती झाली हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. ऑफिसात नोकरी केलेल्यांना ही जात ओळखीची असेल.

अशा वेळी मार खाणारीला बाजूला काढायची सगळ्यांची सवय असते. जखम असेल तर काढावीच लागते, पण जखम नसेल तर छळणारीला काढा. तीन-चार दिवस दूर, नजरेआड. तोवर बाकीच्यांची घडी बसते, आणि ती परत येते तेव्हा थोडी पाहुणी झालेली असते. आमच्या त्या बाईंना दोनदा काढावं लागलं. दुसऱ्यांदा पाच दिवस.

कोंबडा असेल तर तो मोठा आधार. चांगला कोंबडा दोघींच्या मधे येऊन उभा राहतो, भांडण तुटतं. पण नव्या लॉटमध्ये नर निघाले तर ते जुन्या कोंबड्यासमोर सोडू नका. ते भांडण वेगळं, त्यात काटे लागतात, डोळे जातात. तरण्या कोंबड्यांचा हिशेब गटारीच्या आत करून टाकायचा, एवढं मी बोलून थांबते.

काय चालवून घ्यायचं आणि कधी धावायचं? डोक्यावर एक टोच, चार पावलं पाठलाग, मान फुलवून समोरासमोर उड्या, हे पहिला आठवडा रोज होईल. चालू द्या. एकीनं मान धरून खाली दाबलं आहे आणि सोडत नाही, दोघी-तिघी मिळून एकीवर, किंवा एखादी दिवसभर दांडीवरून उतरत नाही, अशा वेळी उठा. जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवायची, हळद खोबरेल तेलात कालवून लावायची. हळदीनं लाल रंगही झाकला जातो, तो झाकणं इथं औषधाइतकंच महत्त्वाचं. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, तेव्हा जखमेच्या कडेनं कडुनिंबाचं तेल. बरी होईपर्यंत डालग्याखाली, पण परसातच, सगळ्यांच्या नजरेसमोर. आत घरात नेलीत तर परत पहिल्यापासून.

आता विष्ठेतलं रक्त

तिसऱ्या वर्षी माझ्या दोन तलंगा गेल्या त्या रक्ती हगवणीनं. मला वाटलं बाजारातून रोग आला. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीच्यांना काही झालंय का?" नव्हतं झालं. ते म्हणाले, मग रोग तुमच्या परसातलाच असणार.

हे मला माहीतच नव्हतं. या हगवणीचे सूक्ष्म जंतू ओल्या, उबदार जमिनीत आणि खुराड्यातल्या भाताच्या तुसात असतात. जुन्या कोंबड्या लहानपणापासून थोडे थोडे खाऊन तयार झालेल्या असतात, त्यांना काही होत नाही, पण त्यांच्या विष्ठेतून ते पडत राहतात. कोरड्या, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेली तलंग एकदम त्यात सोडली की आतडं सोलून निघतं. त्यात टोचाटोचीचा ताण, अर्धपोटी राहणं, आणि कोकणातला ऑगस्ट. मी मुहूर्तच चुकीचा धरला होता. आता पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे मिसळते. जमीन कोरडी, कोंबड्या दिवसभर लांबवर चरायला जातात, खुराड्यात गर्दी करून बसत नाहीत.

जाळीचा काळ याही कामाला येतो. जुन्या परसाच्याच जमिनीवर नव्यांना ठेवलं की त्यांनाही थोडी थोडी सवय होते. तूस मात्र कोरडं हवं. ओलं झालं की काढून टाका, मधूनमधून चुना मिसळून खालीवर करा. रक्त दिसलंच तर वाट बघू नका, अँप्रोलियम नावाचं औषध पाण्यातून देतात, प्रमाण डॉक्टरांना विचारून. पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली कोंबडी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेलच असं नाही.

उलट दिशेनं, नव्यांकडून जुन्यांना येणारे रोगही आहेतच, आणि त्यात मानमोडी सगळ्यात भयंकर. हिचं पुस्तकी नाव राणीखेत, उत्तराखंडातल्या त्या गावावरून पडलेलं. वाडीत एकदा शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. म्हणून बाजारातल्या कोंबड्या थेट जाळीतही नाही, आधी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला. चार मिळाले तर उत्तम. आधी जुन्यांना दाणा घालायचा, मग नव्यांना, उलट कधीच नाही. चप्पल वेगळी. नाक वाहतंय का, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का, रात्री कान लावला तर घरघर ऐकू येते का, पंखाखाली उवा, पायाचे खवले उचललेले, हे सगळं याच काळात बघून घ्यायचं.

लस दिली आहे असं विकणारा म्हणतो, ते खरं धरू नका. पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाजवळ टोचायची आरटूबी, असा मानमोडीचा साधारण क्रम असतो. देवीची लसही याच सुमाराला देतात. लसीची बाटली शंभर-शंभर डोसांची येते, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे पाच कोंबड्यांसाठी कोणी फोडत नाही. आम्ही वाडीतल्या सात घरांनी एक दिवस ठरवला, सगळ्यांच्या कोंबड्या पहाटेच खुराड्यात कोंडून ठेवल्या, आणि दवाखान्यातून बर्फात घालून एकच बाटली आणली. मिसळायच्या दोन-तीन आठवडे आधी हे झालेलं हवं, नव्यांचंही आणि जुन्यांचंही.

दाण्याचं एक राहिलं

एकत्र आल्यावर खाणंही एकच होतं, आणि इथं एक छुपी चूक होते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य तलंगांना महिनोन्‌महिने देऊ नका. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, साडेतीन-चार टक्के असतो, वाढत्या कोंबडीला एक टक्का पुरतो. जास्तीचा चुना तिच्या मूत्रपिंडांवर बसतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. मी सगळ्यांना वाढीचं खाद्यच देते, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. जिला अंडं घालायचं आहे ती बरोबर तिथं जाते. आमच्याकडे खाडीतल्या तिसऱ्या खाल्ल्या की त्यांच्या शिंपल्या उन्हात वाळवून कुटायच्या, विकत काही आणावं लागत नाही. मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं जेवण झाल्यावर आम्ही कवड्या जमवतो.

आत्ताच्या माझ्या पाचपैकी चौघी मजेत आहेत. दोघी दांडीवर जुन्यांच्या मधे झोपतात, दोघी कडेला. पाचवीनं मात्र खुराडं पत्करलेलं नाही. दिवसभर सगळ्यांबरोबर चरते, कोणी टोचत नाही, अंधार पडला की पेरूवर चढते. रोज साडेसातला मी स्टूल घेऊन जाते, तिला उतरवते आणि मागच्या दारानं दांडीवर ठेवते. आज सत्तावीसावी रात्र. काल ती दुसऱ्या फांदीवर होती, पहिलीपेक्षा खालच्या.